नवं मीडियम बोअर काडतूस बाजारात टिकेल का, हे कसं तपासायचं

दर दोन-चार वर्षांनी कुठली तरी कंपनी साधारण .३२ ते .३७५ इंच व्यासाचं (यालाच मीडियम बोअर म्हणतात) एखादं नवं शिकारी काडतूस आणते आणि लगेच विचारणा सुरू होते, 'हे चालेल का हो?' विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला रायफल घ्यायची असते आणि दहा वर्षांनी तिच्यासाठी काडतुसं मिळतील की नाही याची धास्ती असते. दुसऱ्याला माल भरायचा असतो. मी काडतुसांच्या घाऊक खरेदीत आहे, त्यामुळे दुसऱ्याची काळजी मला रोजची. घरी रिलोडिंगचं, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं टेबल आहे, त्यामुळे पहिल्याचीही कळते. दोघांनाही मी तपासणीचा एकच क्रम सांगतो. बहुतेक दाखले अमेरिकेच्या बाजारातले आहेत, कारण या जातीची काडतुसं जन्मतात तिथे आणि मरतातही तिथेच.

सुरुवातीलाच एक पथ्य पाळा. माहितीपत्रकातलं वेग आणि ऊर्जेचं कोष्टक मिटून बाजूला ठेवा. ते शेवटी बघायचं. आधी बघितलंत तर पुढचं सगळं त्याच्या सोयीने वाचाल.

जुनी यादी समोर घ्या

एका कागदावर सनावळी लिहून काढा. १९०२, .३३ विंचेस्टर. १९०६, .३५ रेमिंग्टन. १९३६, .३४८ विंचेस्टर. १९५५, .३५८ विंचेस्टर. १९५८, .३३८ विंचेस्टर मॅग्नम. १९५९, .३५८ नॉर्मा मॅग्नम. १९६२, .३४० वेदरबी. १९६५, .३५० रेमिंग्टन मॅग्नम. मग .३५ व्हेलन, हे १९२२ पासून हौशी लोकांच्या टेबलावर होतं, रेमिंग्टनने त्याला १९८० च्या दशकाच्या शेवटी कारखान्यात घेतलं. पुढे २००५ मध्ये .३२५ डब्ल्यूएसएम, २००६ मध्ये .३३८ फेडरल, २००८ मध्ये .३३८ रूगर कॉम्पॅक्ट मॅग्नम, २०२२ मध्ये .३३८ वेदरबी आरपीएम. ही यादी पूर्ण नाही, पण कामापुरती आहे.

आता यातलं कुठलं काडतूस कुठल्याही मोठ्या दुकानात सहज मिळतं, त्यावर खूण करा. .३३८ विंचेस्टर मॅग्नमवर खूण होईल. .३५ व्हेलनवर अर्धी. बाकीच्यांना शोधायला लागतं. या यादीच्या दोन टोकांना दोन म्हातारी उभी आहेत: १९०५ चं ९.३×६२, जे युरोपात अजून ठणठणीत आहे, आणि १९१२ चं .३७५ एच अँड एच मॅग्नम, जे आफ्रिकेच्या जोरावर जगभर चालतं.

जी विस्मरणात गेली त्यांतलं एकही काडतूस निकामी नव्हतं. .३५८ विंचेस्टर जंगलात अप्रतिम काम करतं. .३५० रेमिंग्टन मॅग्नमवर जीव टाकणारे लोक आजही आहेत. त्यांच्या गोळीने जनावर पडत नाही, अशी तक्रार कोणी केली नाही. म्हणून नव्या काडतुसाची जाहिरात 'एल्कवर, अस्वलावर जबरदस्त' एवढंच सांगत असेल, तर तिने अजून काहीच सांगितलेलं नाही.

शिकारी कुठली रायफल बाजूला ठेवणार?

सगळ्या तपासणीचा कणा म्हणजे हा एक प्रश्न. अमेरिकेतला बहुसंख्य शिकारी व्हाइटटेल हरणाच्या मागे असतो. हे जनावर बहुतेक वेळा शंभर किलोच्या आतलं. त्याला .२७० विंचेस्टर, .३०८, अगदी जुनं .३०-३० पुरतं आणि उरतं. मीडियम बोअरची खरी गरज एल्क आणि मूस ही थोरली हरणं, मोठं अस्वल यांच्यापासून सुरू होते. त्यातही एल्कला जाणारे बहुतेक जण घरातलं .३०-०६, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम घेऊन जातात आणि मांस घेऊन परततात.

तेव्हा नव्या काडतुसाचा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा आणि विचारा: हा माणूस कुठली रायफल कपाटात ठेवून ही घेईल? उत्तर 'कुठलीच नाही, ही एक जास्तीची घेईल' असं आलं, तर तुमचा बाजार हौशी मंडळींचा. मी स्वतः त्यातला आहे, म्हणून हक्काने सांगतो: आमचा आवाज मोठा आणि खरेदी बारीक. नवं काडतूस आलं की सगळीकडे चर्चा आमची, पहिल्या हंगामात रायफली घेणारेही आम्ही. पण आम्ही काडतुसांचे खोके घेत नाही. केस (काडतुसाचं पितळी कवच), गोळ्या आणि डाय (कवचाला आकार देणारा साचा) घेऊन घरी बसतो. कारखान्याची यंत्रं आमच्यावर चालत नाहीत.

दुसरी गोष्ट सरावाची. शिकारी एका हंगामात वीस काडतुसांचं एक खोकं घेतो. चार-पाच निशाणीवर, एक-दोन जनावरावर, उरलेली पुढच्या वर्षाला. एवढ्यावर काडतूस तगत नाही. ज्याने लोक दर आठवड्याला निशाणबाजी करतात, ते तगतं. २००७ मध्ये जवळपास एकाच केसवर दोन काडतुसं आली, .३० टीसी आणि ६.५ क्रीडमूर. केसही तीच, कारखानाही तोच, हॉर्नडी. .३० टीसी आज कोणाला आठवत नाही. क्रीडमूर निशाणबाजांनी उचललं, त्याचा धक्का हलका होता, सुरुवातीच्या खोक्यांवर कंपनीने चक्क भरणीचं, म्हणजे कुठली दारू किती याचं, प्रमाणच छापलं होतं, आणि पुढे स्वस्त रायफली आल्या. तरीही ते जोमात यायला काही वर्षं गेली.

मीडियम बोअरला हा रस्ता जवळजवळ बंदच. .३३८ विंचेस्टर मॅग्नम घेऊन सकाळभर कोणी निशाणं मारत नाही. खांदा परवानगी देत नाही. म्हणून या जातीच्या काडतुसाची वार्षिक विक्री मुळातच तोकडी असते, आणि ते टिकायचं तर दुसरा कुठला तरी भक्कम आधार लागतो. पुढचं सगळं त्या आधाराचा शोध आहे.

आणखी एक गोष्ट मीडियम बोअरच्या विरोधात गेली, तिचा उल्लेख जाहिरातीत कधी येत नाही: गोळ्या सुधारल्या. एके काळी मोठ्या जनावरावर बारीक गोळी फुटून जायची, म्हणून जाड आणि जड गोळीचा आग्रह होता. १९४८ मध्ये नोसलरची पार्टिशन गोळी विक्रीला आली, १९८९ मध्ये बार्न्सची अखंड तांब्याची एक्स गोळी आली, मग शिशाला आवरण घट्ट जोडलेल्या बाँडेड गोळ्या. आता .३० कॅलिबरची चांगली गोळी एल्कच्या खांद्यातून आरपार जाते. जाड नळीचा जो युक्तिवाद होता, त्यातला निम्मा इथेच संपला.

कायद्याने दार उघडलंय का?

इथे थोडं थांबा, कारण गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा धडा इथेच आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यातली काही राज्यं सपाट आणि दाट वस्तीची. तिथे हरणासाठी बाटलीच्या आकाराच्या केसची, लांब जाणारी रायफल काडतुसं वर्षानुवर्षं बंद होती. शॉटगन किंवा तोंडातून दारू भरायची बंदूक वापरा, असा नियम. मग ओहायो आणि मिशिगनने २०१४ मध्ये, आयोवाने २०१७ मध्ये सरळ भिंतीच्या केसची काडतुसं रायफलीत चालतील असं ठरवलं. मिशिगनच्या दक्षिण भागासाठीचा तेव्हाचा नियम बघा: व्यास .३५ किंवा जास्त, केसची लांबी १.१६ ते १.८० इंच.

२०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड आणलं. केसची लांबी १.७१ इंच. नियमाशेजारी ठेवून वाचा, काडतूस कसं बेतलं ते उघड दिसतं. त्याची रिम (केसच्या बुडाची कड) .२२३ रेमिंग्टनच्या मापाची, म्हणजे एआर-१५ चा तोच बोल्ट (रिम धरून काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) आणि साध्या बोल्ट अ‍ॅक्शनचा छोटा बोल्ट त्याला चालतो. १५० ग्रेनची (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड) गोळी सुमारे २,३२५ फूट प्रति सेकंद वेगाने जाते. ऊर्जा १,८०० फूट-पौंडांच्या आसपास. वर लिहिलेल्या यादीतल्या कुठल्याही मॅग्नमपुढे हे अगदीच लेचंपेचं. तरी रूगर, सॅव्हेज, मॉसबर्ग, सीव्हीए यांनी रायफली काढल्या. फेडरल, हॉर्नडी, रेमिंग्टन यांनी काडतुसं भरली. प्रतिस्पर्ध्यांनी भरली, हे लक्षात घ्या. शॉटगनच्या स्लगचा, म्हणजे एकसंध जाड गोळीचा, धक्का खाऊन वैतागलेल्या माणसाला, त्याच्या पोरीला, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना ही रायफल हवीच होती. 'कुठली रायफल बाजूला ठेवणार?' या प्रश्नाला इथे रोखठोक उत्तर आहे: स्लगची शॉटगन.

रेमिंग्टनने २०२३ मध्ये .३६० बकहॅमर आणलं, तेही याच दारातून. .३०-३० ची रिमवाली केस सरळ करून, लांबी नेमकी १.८० इंच, आणि लिव्हर अ‍ॅक्शनसाठी हेन्री रायफल्सची साथ. लिव्हरची हौस असलेला शिकारी त्यांनी अचूक हेरला.

तुमच्यासमोरचं नवं काडतूस कुठल्या नियमात बसण्यासाठी बेतलंय, हे त्याची मापं नियमावलीशेजारी ठेवून स्वतः ताडा. आफ्रिकेत अनेक ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी .३७५ हा किमान व्यास धरतात; .३७५ एच अँड एच इतकी वर्षं टिकायला ते मोठं कारण आहे. .३६६ आणि .३७५ यांच्यातला फरक कागदावर नगण्य, पण नियमात तो सगळा खेळ बदलतो. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद आहेत. तिथे विकायचं तर पहिल्याच वर्षी तांब्याच्या गोळीची भरणी हवी. धोकाही समजून घ्या. नियमाने उघडलेलं दार नियमाने बंद होतं, किंवा सगळ्यांनाच उघडलं जातं, आणि मग सरळ भिंतीच्या केसचं विशेष कौतुक उरत नाही.

रायफलीत बसवून बघा

नमुन्याची निर्जीव काडतुसं मिळवा, म्हणजे दारू आणि प्रायमर नसलेली डमी. व्हर्नियर कॅलिपर घ्या. तीन मापं पुरतात.

पहिलं माप रिमचं. बाजारातले बोल्ट मुख्यतः तीन मापांचे: .२२३ साठी .३७८ इंच, .३०८ आणि .३०-०६ साठी .४७३, मॅग्नमसाठी .५३२. काडतूस यांपैकी एकात बसत असेल तर रायफल कंपनीला फक्त नळी बदलायची असते. बसत नसेल तर नवा बोल्ट, नवं मॅगझिन, नवी चाचणी. एवढा खर्च दुसरी कंपनी दुसऱ्याच्या काडतुसासाठी का करेल?

दुसरं माप भरलेल्या काडतुसाच्या एकूण लांबीचं. छोट्या अ‍ॅक्शनला (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत घेणारी रायफलीची यंत्रणा) साधारण २.८ इंच, .३०-०६ च्या अ‍ॅक्शनला ३.३४, आणि .३७५ एच अँड एचसारख्यांना ३.६. .३७५ रूगर २००७ मध्ये आलं ते इथेच डोकं लढवून. जुन्या मॅग्नम केसच्या बुडाशी असणारा पट्टा काढला, केसचं अंगच .५३२ इंचांचं केलं, लांबी ३.३४ वर आणली; .३७५ ची ताकद साध्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये बसली. त्याला जगायला कारण मिळालं. याउलट .३५० रेमिंग्टन मॅग्नम २.८ इंचांत कोंबलं होतं. जड गोळी घातली की तिचं बूड दारूच्या जागेत घुसायचं. वर ते दिलं मॉडेल ६०० या हलक्या कार्बाइनमध्ये, नळी १८.५ इंचांची. आवाज आणि धक्का यांनी गिऱ्हाईक पळालं.

तिसरं माप अंगाचं, म्हणजे केसच्या जाडीचं. डमी मॅगझिनमध्ये भरा आणि बोल्ट सावकाश पुढे न्या, मग झटक्याने न्या. लठ्ठ, आखूड केस मॅगझिनमध्ये कमी मावतात, आणि त्यांचा तीव्र खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) चेंबरच्या तोंडाशी कधी कधी अडखळतो. डब्ल्यूएसएम जातीच्या केसचं अंग .५५५ आणि रिम .५३५. छोट्या अ‍ॅक्शनमध्ये त्यांची तीनच मावतात, त्याबद्दल लोक कुरकुरतात. अस्वलाच्या मुलखात जाणारा माणूस ही कुरकुर जास्त मनावर घेतो.

रायफली किती कंपन्यांच्या आहेत हेही मोजा. .३३८ रूगर कॉम्पॅक्ट मॅग्नम उत्तम बेतलेलं होतं, वीस इंचांच्या नळीत छान चालायचं. पण रायफल प्रामुख्याने रूगरची आणि काडतूस हॉर्नडीचं. .३३८ मार्लिन एक्सप्रेसचं तर सगळं जगणं एकाच मार्लिन लिव्हरवर अवलंबून होतं. दोन खांबांवरचा मांडव एक खांब हलला की बसतो.

गोळ्यांचा व्यास

व्यास सांगा, मी भवितव्याचा निम्मा अंदाज देतो. .३३८ ला गोळ्यांची चैन आहे, १६० पासून ३०० ग्रेनपर्यंत. विंचेस्टर मॅग्नम आणि.३३८ लापुआने ते शेत नांगरून ठेवलंय. .३७५ ला भरपूर. .३५८ ला पुरेशा, पण बऱ्याचशा बोथट, कमी वेगाला धरून बनवलेल्या. .३६६ युरोपात मुबलक, अमेरिकेत मोजक्या. .३२३ म्हणजे ८ मिमी अमेरिकेत कधी रुजलंच नाही, आणि .३२५ डब्ल्यूएसएमचं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. नवं काडतूस नवाच व्यास घेऊन आलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

त्याबरोबर नळीतल्या आट्यांचा पीळ विचारा, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा किती इंचांत एक वेढा घेतात ते. इथे एक दाखला कॅलिबरच्या बाहेरचा, पण दुसरा इतका चोख नाही. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन एकाच वर्षी आले. विंचेस्टरने दहा इंचांत एक वेढा ठेवला, रेमिंग्टनने बारा इंचांत. बारात शंभर ग्रेनची टोकदार गोळी नीट स्थिरावत नव्हती, आणि हरणासाठी लोकांना हवी होती तीच. रेमिंग्टनने पुढे पीळ वाढवला, १९६३ मध्ये नावही ६ मिमी रेमिंग्टन केलं. तोवर .२४३ घरोघरी पोहोचलं होतं. मीडियम बोअरमध्ये .३५ व्हेलनच्या रेमिंग्टन रायफलींना सोळा इंचांचा मंद पीळ होता. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. उद्याच्या गोळ्या तांब्याच्या असणार हे धरून पीळ तपासा. ८.६ ब्लॅकआउटने तर तीन इंचांत एक वेढा ठेवला आणि ध्वनीपेक्षा मंद जाणाऱ्या जड गोळीसाठी स्वतःचा वेगळाच कोपरा शोधला.

दुसरा कारखाना कधी येतो?

सामी ही अमेरिकेतली उत्पादकांची संस्था १९२६ पासून काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवून जाहीर करते. युरोपात ते काम सीआयपी करते. सामीची मान्यता म्हणजे आराखडा सगळ्यांना खुला, कोणीही काडतूस भरू शकतो. मान्यता नसेल तर थांबा. पण असली म्हणून भुलू नका. मान्यता असलेली कितीतरी काडतुसं आज कोणी भरत नाही.

माझी पद्धत साधी आहे. काडतूस आल्यापासून लागोपाठ तीन वर्षांचे कॅटलॉग घेतो: ते आणणाऱ्या कंपनीचा आणि तिच्या दोन प्रतिस्पर्ध्यांचे. आणणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये पहिल्या वर्षी किती भरण्या, तिसऱ्या वर्षी किती, हे बघतो. तीनाच्या पाच झाल्या तर माल खपतोय. तीनाच्या दोन झाल्या आणि त्यातही स्वस्तातली भरणी गळाली, तर समजायचं की ती पान मिटायच्या तयारीत आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या कॅटलॉगमध्ये तिसऱ्या वर्षीही ते नाव दिसत नसेल तर मी नवी मागणी नोंदवत नाही, मग माझं स्वतःचं प्रेम कितीही असो. .३५ व्हेलन मला मनापासून आवडतं. खरेदीच्या वहीत त्याचा आकडा कायम लहानच असतो.

स्वस्त भरणीवर नजर ठेवा असं मी नव्या मुलांना बजावतो. नव्या काडतुसाला पहिल्यांदा महागड्या गोळीची भरणी मिळते. साध्या शिशाच्या, मऊ टोकाच्या गोळीची स्वस्त भरणी आली की कंपनीने ते रोजच्या मालात धरलं म्हणायचं.

तंगीच्या काळात काय होतं तेही पक्कं लक्षात ठेवा. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याची टंचाई झाली, तेव्हा कारखान्यांनी यंत्रं ९ मिमी, .२२३, .३०८ वर लावली. कमी खपाची शिकारी काडतुसं बाजूला पडली. .३५ रेमिंग्टनसारख्या शंभरीपार काडतुसाच्या रायफली लाखो घरांत असूनही खोकी मिळेनात. नव्याची काय कथा!

ज्याला रायफल घ्यायची आहे त्याच्यासाठी इथे एक विमा आहे: केस कुठून करता येते ते विचारा. .३३८ फेडरल म्हणजे .३०८ ची केस, मान रुंद केलेली. .३५ व्हेलन तशीच .३०-०६ पासून. कारखाना बंद पडला तरी केस मिळत राहतात. एका डायमधून काढली की झालं. जी केस दुसऱ्या कशापासूनच होत नाही, तिची रायफल घेतानाच शे-दोनशे केस घेऊन ठेवाव्यात.

नावाबद्दल फार लिहीत नाही. रेमिंग्टनने १९५७ च्या .२८० ला १९७९ मध्ये ७ मिमी एक्सप्रेस केलं, लोकांचा ७ मिमी मॅग्नमशी घोळ झाला, आणि नाव परत .२८० वर आणावं लागलं. दुकानात उभ्या माणसाला चुकीचं खोकं उचलता येईल असं नाव ठेवलेलं असेल तर एक गुण कापा. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये जाणं हा चेष्टेचा विषय नाही.

आता कोष्टक उघडा

वेग आणि ऊर्जा आता बघा, पण तुमच्या गणिताने. ऊर्जेचं सूत्र: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पौंडांत येतं.

.३३८ फेडरलची एक मूळ भरणी घेऊ: २१० ग्रेन, २,६३० फूट प्रति सेकंद. उत्तर ३,२२६. शेजारी .३०-०६ ची सर्वसाधारण भरणी: १८० ग्रेन, २,७००. उत्तर २,९१४. फरक सुमारे ११ टक्के. शिवाय गोळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ २० टक्के जास्त. जाहिरात इथे थांबते. तुम्ही आणखी एक ओळ करा: सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे वजन ७,००० ने भागून पौंड काढा, आणि त्याला व्यासाच्या वर्गाने भागा. .३३८ ची २१० ग्रेनची गोळी: ०.२६३. .३०८ ची १८० ग्रेनची: ०.२७१. म्हणजे खोल घुसण्याच्या बाबतीत, बाकी बांधणी सारखी असेल तर, जुनी गोळी कणभर पुढेच. लांबवर जाताना वेगही ती चांगला राखते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी दिसलेली ११ टक्क्यांची आघाडी अंतराबरोबर आटत जाते. हे गणित गिऱ्हाईक कागदावर करत नाही. पण त्याचा दुकानदार, त्याचा मामा, त्याचा शिकारीतला जोडीदार त्याला बोलीभाषेत हेच सांगतो: 'तुझं.३०-०६ काय वाईट आहे?'

मग .३३८ फेडरलची बाजू कुठली? छोटी अ‍ॅक्शन, छोटी नळी, आणि .३०-०६ च्या जवळपासचाच धक्का. त्याच केसवर मोठं भोक असल्यामुळे दारू लवकर जळते आणि नळी आखूड केली तर वेग तुलनेने कमी पडतो. सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) लावून १६-१८ इंचांची नळी वापरायची आताची रीत बघता ही बाजू २००६ पेक्षा आज जास्त वजनदार आहे. .३३८ विंचेस्टर मॅग्नमची तऱ्हा वेगळी. २२५ ग्रेन, २,८०० फूट प्रति सेकंद, ऊर्जा ३,९०० च्या पुढे; फरक डोळ्यात भरतो, पण सारख्याच वजनाच्या रायफलीत धक्का .३०-०६ च्या दीडपटीहून जास्त. तो सोसायची तयारी असलेले लोक अलास्कात आणि एल्कच्या डोंगरात आहेत, आणि त्यांच्याकडे ती रायफल आधीच आहे.

म्हणून नव्या काडतुसाचं कोष्टक .३०-०६ आणि .३३८ विंचेस्टर मॅग्नम या दोघांच्या मधे ठेवून वाचा. पहिल्यापेक्षा पाच-दहा टक्क्यांनीच पुढे असेल तर अ‍ॅक्शन, नळी किंवा नियम यांतलं एखादं कारण सोबत हवं. दुसऱ्याच्या बरोबरीचं असेल तर त्याने धक्का, वजन किंवा लांबी कमी करून दाखवली पाहिजे, आणि ती छापील आकड्यांत नाही तर डमी भरून, रायफल हातात घेऊन.

मागणी नोंदवताना

माल भरणाऱ्याने पहिल्या हंगामात रायफली मोजक्या आणि काडतुसं त्या मानाने जास्त घ्यावीत. उलट करणारे बरेच असतात. रायफल विकली जाते, काडतूस संपतं, आणि गिऱ्हाईक पुढल्या माणसाला सांगत सुटतो की याला काडतूस मिळत नाही. एका रायफलीमागे किमान चार-पाच खोकी धरतो मी. हंगाम संपल्यावर विक्रीचा एकूण आकडा बघू नका; रायफल घेतल्यानंतर दुसऱ्यांदा खोकं न्यायला किती जण आले तेवढं बघा. पहिलं खोकं उत्सुकतेने जातं. दुसरं वापर झाला म्हणून जातं.

रायफल घेणाऱ्याने तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला हरकत नाही. थांबवत नसेल, तर त्याच कंपनीच्या त्याच अ‍ॅक्शनची दुसऱ्या कॅलिबरची नळी पुढे बसवता येते का ते आधी विचारून घ्या, बोल्ट.४७३ किंवा .५३२ चा असेल तर बहुधा येते.

उद्या माझ्या टेबलावर नवं पत्रक आलं आणि त्यात .३३८ व्यास, .४७३ ची रिम, २.८ इंचांत मावणारी लांबी, तांब्याची १६०-१८५ ग्रेनची गोळी धरून ठेवलेला पीळ, आणि पहिल्या दिवसापासून दोन रायफल कंपन्या असतील, तर मी मागणी नोंदवीन. पण त्याआधी पत्रक पाठवणाऱ्याला फोन करून विचारीन की यात आणि .३३८ फेडरलमध्ये नेमका फरक काय, आणि तो फरक सांगायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळात बघीन.